खडकपिवळीचा नेवता

धनीरामच्या घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको धुरपता. तिसरं कोणी राहत असेल तर तो धनीरामचा संशय. मुलगी बेबी लग्न होऊन दिघोरीला गेली तेव्हापासून तर त्या तिसऱ्याला ऐसपैस जागा मिळाली होती. दुकानातून मीठ आणलं की धनीराम ते घरी येऊन हातावर तोलून बघायचा. शेजाऱ्यानं सहज "काय गा, बरा आहेस ना?" असं विचारलं, तर ह्याला माझ्या बरं असण्याशी काय करायचंय, ह्या विचारात त्याची अर्धी सकाळ जायची. मनानं तो वाईट नव्हता. पण त्याच्याकडे एक गुपित होतं, आणि ते राखता राखता त्याला सगळं गाव चोर दिसायला लागलं होतं.

पाथरटोला हे त्यांचं गाव सिहोऱ्याच्या पलीकडे, धानाच्या बांध्या संपून डोंगर सुरू होतो तिथे. गावामागच्या टेकडीला बोडकी पहाडी म्हणायचे. सगळा काळा खडक, खडकाला भेगा, भेगांत मूठभर माती. पाऊस सरून आश्विन लागला की त्या भेगांतून बोटभर उंचीचं एक झाड वर यायचं आणि त्याला हरभऱ्याएवढी पिवळी फुलं लागायची. गुरं त्याला तोंड लावत नसत. पोरींनी केसांत माळावं इतकंही ते फूल मोठं नव्हतं. लोक त्याला खडकपिवळी म्हणत आणि ओलांडून पुढे जात. तिचं मूळ काविळीवर चालतं हे एकट्या धनीरामला ठाऊक होतं. निदान धनीराम तसं समजत होता.

त्याला ते बापानं सांगितलं होतं. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात बाप खाटेला लागला तेव्हा त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटून घ्यायला लावलं आणि धनीरामच्या कानाशी तोंड नेऊन एकेक नेम सांगितला. झाडाला आदल्या सांजेला नेवता द्यायचा. म्हणजे हळदीत रंगवलेले पिवळे तांदूळ त्याच्या बुडाशी ठेवायचे आणि पाहुण्याला बोलावतात तसं बोलवायचं, "उद्या येतो, घरी चल." सकाळी तोंड न धुता जायचं, झाड मुळासकट घ्यायचं, मूळ तुटू द्यायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. झाडावर बाईची सावली पडली तर गुण गेला. जागा कोणाला दाखवली तर गुण गेला. औषधाचा पैसा घेतला तरी गुण गेला. एवढं सांगून बाप दोन दिवसांनी गेला. गुण जाण्याच्या इतक्या वाटा आहेत म्हटल्यावर धनीरामच्या डोळ्याला डोळा लागेना, त्यात नवल काही नाही.

दर रविवारी त्याच्या अंगणात माणसं बसायची. कोणी तुमसरकडून एसटीनं येई, कोणी नदीपलीकडून, थेट कटंगीकडून, बैलगाडीत पिवळ्या डोळ्यांचा माणूस निजवून आणी. धनीराम आतल्या खोलीत दार लावून मूळ उगाळायचा, ताकात घालायचा आणि वाटी बाहेर आणायचा. त्या वेळी अंगणात कोणी खोकतसुद्धा नसे. गुण यायचा का? येणारे म्हणत, येतो. ज्यांना येत नसे ते सांगायला परत येत नसत. एरवी धनीरामजवळ होतं काय? दोन बांध्या, एक बैलजोडी आणि गळकं छप्पर. पण रविवारी पाटीलसुद्धा त्याच्या अंगणात चप्पल काढून यायचा. हा रविवार गेला तर आपण कोणीच नाही, हे धनीराम पुरतं ओळखून होता.

ब्याऐंशीच्या आश्विनात तो पहाडीवर गेला. बापाच्या वेळी पाय ठेवायला जागा नसायची म्हणतात, तिथे मोजून तेरा झाडं. एवढी कमी कशी झाली? त्याच्या मनात एकच उत्तर आलं, कारण त्याच्या मनात नेहमी तेच उत्तर यायचं. कोणीतरी नेतंय.

पुढच्या वर्षी तर पुरावाच मिळाला. एरवी दिवाळीनंतर धनीराम पहाडीकडे फिरकत नसे. फुलं सुकून जात आणि तो वाळवलेल्या मुळांवर वर्ष काढी. पण त्र्याऐंशीत वाळली मुळं लवकर संपली म्हणून तो कार्तिक अर्धा उलटल्यावर वर गेला. उताराच्या मधोमध एका भेगेत पिवळे तांदूळ पडले होते. त्याचे नव्हते. भेगेत झाड नव्हतं, नुसती माती उकरलेली. चार पावलांवर दुसरी भेग, तिथेही तांदूळ, तिथेही झाड नाही. अशा सात भेगा. धनीराम खाली बसला. नेवता देऊन सात झाडं मुळासकट उचलून नेली होती. चोराला झाड ठाऊक होतं एवढंच नव्हे, नेवतासुद्धा ठाऊक होता.

घरी आल्यावर तो जेवला नाही. धुरपता चुलीपुढे बिड्यांचं सूप घेऊन बसली होती. ती तंबाखू पानात भरता भरता म्हणाली, "बरं नाई का?"

"तुले काय करायचं?" तो म्हणाला, आणि तिला काय करायचंय ह्यावरही थोडा वेळ विचार करत राहिला.

पहिला संशय गेला शाळेच्या टेकचंद गुरुजींवर. गुरुजींनी दसऱ्याआधी पोरांना पहाडीवर नेऊन पानं-फुलं गोळा करायला लावली होती. धनीराम शाळेत जाऊन हात मागे बांधून उभा राहिला आणि पोरांच्या वह्या बघायच्या म्हणाला. गुरुजींना वाटलं, गावकऱ्यांना शिक्षणाची गोडी लागली. त्यांनी हौसेनं बत्तीस वह्या समोर ठेवल्या. धनीरामनं बत्तीसच्या बत्तीस चाळल्या. पळस, मोह, तेंदू, चिकटवलेला एक मेलेला नाकतोडा. खडकपिवळी कोणत्याच वहीत नव्हती. पोरांनाही ती वेचण्याजोगी वाटली नव्हती. तो तोंड पाडून घरी आला.

मग उरला डोमा. डोमा गावाचा गायकी, म्हणजे घरोघरची गुरं चारणारा. सकाळी गुरं घेऊन पहाडीवर जायचा तो दिवस कलल्यावर उतरायचा. बोडक्या पहाडीचा दगड न दगड त्याला माहीत. धनीरामचा आणि त्याचा लहानपणापासूनचा घरोबा, पण संशय घरोबा बघत नाही. वर रोज जाणारा एकच माणूस, मग नेणारा दुसरा कोण असणार?

एवढ्यावर त्यानं गप्प बसावं ना! पण माघात एका संध्याकाळी चावडीपुढे शेकोटीभोवती पंधरा-वीस माणसं बसली असताना धनीराम मोठ्यानं बोलला, "माह्या बापाचं औषध चोरून राहिला एक जण. खातो गावाचं अन् चोरतो गावातच."

"कोण गा?" कोणीतरी विचारलं.

"पहाडीवर रोज कोण जाते, ते पाहा ना तुमीच."

डोमा तिथेच बसला होता. त्यानं धनीरामकडे पाहिलं, मग हात झटकले, काठी उचलली आणि घरी निघून गेला. एक शब्द बोलला नाही. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला. बोलत नाही म्हणजे खरं असणार.

दुसऱ्या दिवसापासून डोमानं धनीरामच्या गोठ्यापुढे हाक देणं बंद केलं. धनीरामची गुरं धुरपताला बांधावर चारावी लागली. गावातल्या काही घरांनी डोमाचं वर्षाचं धान द्यायला तोंड वाकडं केलं. एकानं तर त्याच्या म्हाताऱ्या आईला विहिरीवर ऐकवलं. आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, गायगोधनाला, गाई सजवून वाजत गाजत गावभर फिरवतात आणि गायकी दारोदार मानानं जातो, त्या दिवशी डोमा धनीरामच्या दारावरून तसाच पुढे गेला. धुरपता सुपात धान आणि नवं धोतर घेऊन दारात उभी होती. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग आत येऊन तिनं सूप ठेवलं आणि कोपऱ्याकडे तोंड करून बसली. धनीरामला वाटलं, हिला बेबीची आठवण आली असेल.

त्या दिवाळीच्या आधीच, आश्विनात, एक विचित्र गोष्ट झाली होती. ज्या सात भेगा चोरानं रिकाम्या केल्या होत्या, त्यातल्या पाच भेगांत खडकपिवळी फुलली होती. दुसऱ्या कोणी डोकं खाजवून विचार केला असता. धनीरामनं ठरवलं की चोरानं मूळ अर्धं ठेवलं असणार. म्हणजे चोर शहाणा आहे. शहाणा चोर त्याला साध्या चोरापेक्षा घातकी वाटला. त्यानं पाचही झाडं मुळासकट उपटून आणली, चोरानं नेण्याच्या आधी.

चौऱ्याऐंशीच्या कार्तिकात त्यानं पाळत ठेवली. धानाची कापणी चालू होती. गाव सगळं बांध्यांत, दिवसा गावात चिटपाखरू नसायचं. चोर येणार तो ह्याच दिवसांत, असा त्याचा हिशोब. बायकोला त्यानं सांगितलं, सिहोऱ्याच्या बाजाराला जातो. धुरपता विळा घेऊन शेतावर गेली. धनीराम लांबून वळसा घालून पहाडीवर चढला आणि एका मोठ्या धोंड्याआड बसला. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि धुरपतानं विचारलं, "आज बी बजार?" तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, खडक तापले, धनीरामला डुलकी लागायला आली आणि खालून पावलं वाजली.

धुरपता चढत होती. कमरेला विळा, एका हातात पाण्याचा गडवा.

धनीरामला आधी वाटलं, आपल्याला शोधत आली. पण ती इकडे-तिकडे न बघता सरळ उताराच्या मध्यावर गेली. वाकून एक रिकामी भेग पाहिली, विळ्याच्या टोकानं माती मोकळी केली. पदराची गाठ सोडली. त्यातून काहीतरी चिमटीनं काढून मातीत दाबलं, वर गडव्यातलं पाणी शिंपडलं, मग दुसऱ्या गाठीतले पिवळे तांदूळ काढून भेगेच्या तोंडाशी ठेवले. आणि हात जोडून म्हणाली, "ये माय. घरी ये. यंदा तरी सातच्या सात ये."

ती दुसऱ्या भेगेकडे वळली तेव्हा धनीराम धोंड्यामागून बाहेर आला.

"तू चोरून राहिली?"

धुरपता दचकली, पण हातातला गडवा तिनं पडू दिला नाही. "चोरून नाई राहिली. लावून राहिली."

"काय लावून राहिली?"

तिनं मूठ उघडली. तळहातावर तिळाहून बारीक, करडं बी होतं. "तुमी झाड उपटून आणता, तवा हे तुमच्या धोतराले चिकटून येते. धुताना मी वेचून ठेवतो अन् मंग इथं आणून लावतो."

"कवापासून?"

"मामाजी गेले त्याच्या दुसऱ्या सालापासून. तुमी मुळासकट उपटता. बी पडाच्या आधीच उपटता. मंग दुसऱ्या साली कुठून येईन? मामाजीच्या वक्ताले साऱ्या पहाडीभर होती, चार उपटली तरी समजत नव्हतं. तुमी उपटत गेले, मी लावत गेली. नाई तर कवाचीच सरली असती."

नऊ वर्षं. नऊ वर्षं रविवारी वाटी बाहेर आणताना तो जो दबदबा अनुभवत होता, तो ह्या बाईच्या पदराच्या गाठीतून आला होता. पण हार मानेल तर तो धनीराम कसला! त्याला एकदम आठवलं. "बाईची सावली पडली का गुण जाते. तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं." ती म्हणाली. "तुमी झोपेत बडबडता. म्हणून तर मी दुपारचीच येतो. ऊन डोक्यावर असलं का सावली पायातच राहते. झाडावर कायले पडन?"

धनीरामनं तिच्या पायांकडे पाहिलं. ती अनवाणी होती. त्या तापल्या खडकावर ती नऊ वर्षं भर दुपारी, त्याचा नेम मोडू नये म्हणून चढत होती. त्याला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"मंग डोमावर आळ घेतला तवा काहून नाई बोलली?" त्यानं विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

"बोलणार होती. रोज बोलणार होती." तिचे डोळे भरले. "सांगतलं तर साऱ्या गावाले समजते का बाईचा हात लागला, अन् तुमचं औषध बसते. नाई सांगतलं तर डोमाभाऊची इज्जत जाते. तुमी औषधाबिगर जगले नसते. म्हणून डोमाभाऊले चोर होऊ देल्लं मी. वरस होत आलं, मले अन्न गोड लागत नाई."

त्या संध्याकाळी गुरं उतरायच्या वेळेला धनीराम डोमाच्या गोठ्यापुढे जाऊन उभा राहिला. नऊ-दहा महिन्यांनी. डोमा एका वासराला दावं बांधत होता. त्यानं पाहिलं आणि काम चालू ठेवलं.

"डोमा, चूक झाली माही. तू नव्हता. ते..."

"वहिनी होती." डोमा म्हणाला.

"तुले माहीत होतं?"

"मी दिवसभर पहाडीवर असतो, धनीरामभाऊ. दर साली धानाच्या कापणीत वहिनी येते, भर दुपारची, चपला खाली काढून. मी गुरं दुसऱ्या अंगाले वळवतो, तिची लावणी तुडवू नये म्हणून."

"मंग चावडीवर काहून नाई बोलला? लोकायनं तुले चोर म्हटलं!"

डोमानं दाव्याची गाठ ओढून पाहिली. "बोललो असतो तर वहिनीचं नाव निघालं असतं. तू तिले घरात राहू देल्लं असतं का, त्याचा मले भरोसा नव्हता. अन् राग चोर म्हटल्याचा एवढा नाई. पहाडीवर रोज मी असतो, कोण येते, कोण जाते, सारं पाहतो. तुले एक दिवस माह्यापाशी येऊन पुसता आलं असतं, डोमा, वर कोण येते गा? तुनं साऱ्यायले पुसलं. शाळेतल्या पोरायच्या वह्या पाह्यल्या. मले नाई पुसलं. मी वरसभर वाट पाहून राहिलो."

धनीरामला रडू कोसळलं. डोमा त्याची समजूत घालायला पुढे आला नाही. त्यानं गुरांना पेंढा टाकला आणि घरात गेला.

पुढच्या रविवारी अंगणात अकरा माणसं होती. धनीरामनं त्या सगळ्यांना सांगितलं. गावातलेही काही बोलावून आणले होते, पाटील होता, टेकचंद गुरुजी होते. डोमाला निरोप धाडला होता. तो आला नाही, त्याची आई आली. धनीराम उभा राहून बोलला, आणि त्याला बोलायची सवय नसल्यामुळे सगळं उलटसुलट बोलला, पण बोलला. डोमा चोर नव्हता. झाडं कोणी नेत नव्हतं, ती मीच संपवत होतो. नऊ वर्षं तुम्ही जे मूळ प्यायलात ते माझ्या बायकोनं लावलेलं.

अंगणात कुजबुज सुरू झाली. बाईचा हात लागला म्हणजे मग काय राहिलं, असं कोणीतरी म्हणालंच. पाटलानं चपला पायात घातल्या. एक बैलगाडी जुंपली गेली, मग दुसरी. धनीरामनं कोणाला थांबवलं नाही. रविवार त्याच्या डोळ्यांदेखत उठून चालला होता. डोमाची आई तेवढी जागची हलली नाही. आणि कटंगीकडचा बाबूलाल नावाचा म्हातारा आपल्या नातवाला मांडीवर घेऊन बसून राहिला. पोराचे डोळे हळदीसारखे झाले होते.

"मंग आता आमी औषध कोणापासून घ्यावं गा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पोराले आधी तुमसरच्या दवाखान्यात ने," धनीराम म्हणाला. मग त्यानं दाराकडे बोट केलं. दारात धुरपता बिड्यांचं सूप हातात धरून उभी होती. "अन् औषधाचं तिले पुस. मले पुसू नको, बाबा. मले निस्तं उपटता येते."

म्हाताऱ्यानं पोराला खांद्यावर घेतलं आणि तो दाराकडे गेला.